सागरतीरीची सायकलयात्रा : श्रीक्षेत्र हरिहरेश्वर ते श्रीक्षेत्र गणपतीपुळे

॥ श्री गणेशाय नमः ॥



कोकण किनाऱ्यावरील देवस्थानांस पूर्वी यात्रेकरू पायी, डोलीतून अथवा गलबतातून येत. पुढे एसटीची गाडी गावोगावी पोहोचली, १९९८ साली कोकण रेल्वेचा मार्ग पूर्णपणे खुला झाला आणि आज बहुसंख्य भाविक मोटारीने येतात. अलीकडच्या काळात मात्र या किनाऱ्यावर सायकलीवरून येणारे यात्रेकरूही दिसू लागले आहेत. पुणे, नाशिक या भागांत पंढरपूरची सायकलवारी आता चांगली रुळली आहे. तिकडचा सराव असलेली मंडळी किनाऱ्यावर येतात, तेव्हा त्यांचा एक अंदाज हमखास चुकतो. देशावर दिवसाला शंभर किलोमीटर सहज जाणारा सायकलस्वार येथे चाळीस किलोमीटरांत थकतो. संध्याकाळची फेरीबोट चुकते, पाणी संपते आणि अंधारात अनोळखी घाटी उतरण्याची वेळ येते.

यावर उपाय एकच आहे. या किनाऱ्यावर किलोमीटर मोजू नयेत. खाड्या आणि घाट्या मोजाव्यात. जो त्यांचा हिशोब आधी मांडतो, त्याची यात्रा सुखरूप होते आणि दर्शनासाठी त्याच्याजवळ वेळ व मन दोन्ही उरतात. हा हिशोब कसा मांडावा, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख दिला आहे. त्यासाठी हरिहरेश्वर ते गणपतीपुळे हा मार्ग नमुन्यादाखल घेतला आहे.

१. मार्गाचे स्वरूप

रायगड जिल्ह्यातील रेवसपासून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडीपर्यंत किनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्यास सागरी महामार्ग म्हणतात. प्रस्तुत मार्ग हा त्याचा मधला भाग होय. आडवाटेची देवस्थाने धरून त्याची लांबी सुमारे पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर भरते. मोटारीने हे अंतर एका दिवसात कापता येते. सायकलीने पाच दिवस घ्यावेत.

इतके दिवस का लागतात, हे भूमीची रचना पाहिली म्हणजे समजते. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या येथे थोड्याच अंतरात समुद्रास मिळतात. त्यांच्या मुखांतून भरतीचे पाणी दूरवर आत शिरते व खाड्या तयार होतात. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचे उंच, सपाट पठार असते. त्यास आपण सडा म्हणतो. वस्ती, नारळी-पोफळीच्या बागा आणि बहुतेक देवळे खाली, पाण्याच्या आसऱ्याने असतात. रस्त्यास मात्र एका गावातून दुसऱ्या गावी जाताना सड्यावर चढावे लागते आणि पलीकडे उतरावे लागते. नकाशावर दोन गावांत दहा किलोमीटर दिसतात. त्यांत शंभर-दीडशे मीटरांचा चढ आणि तितकाच उतार दडलेला असतो. दिवसभरात अशा तीन-चार घाट्या आल्या, तर चढाची बेरीज एखाद्या मोठ्या घाटाएवढी होते. घाटात एकदा चढून गेले की काम संपते. येथे चढून मिळवलेली उंची प्रत्येक गावी परत द्यावी लागते.

या मार्गावर तीन मोठ्या खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. बागमांडला ते वेशवी ही सावित्री नदीची बाणकोट खाडी, दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीची दाभोळ खाडी आणि तवसाळ ते जयगड ही शास्त्री नदीची जयगड खाडी. दाभोळ-धोपावे येथे २००३ साली वाहने नेणारी फेरीबोट सुरू झाली, त्यानंतर इतर ठिकाणीही अशा बोटी आल्या. सागरी महामार्गावरील खाड्यांवर पूल बांधण्याची कामेही हाती घेण्यात आली आहेत. जेथे पूल वाहतुकीस खुला झालेला नाही तेथे बोट हाच जवळचा मार्ग आहे. ती चुकली तर पुढील बोटीची वाट पाहावी लागते, आणि दिवसाची शेवटची बोट चुकली तर मुक्काम अलीकडच्या तीरावर करावा लागतो. म्हणून रोजचा बेत आखताना प्रथम बोटीची वेळ लिहावी, मग घाट्यांची संख्या, आणि किलोमीटर सर्वांत शेवटी.

२. भरती-ओहोटीचे गणित

यात्रेचा आरंभ हरिहरेश्वरी होतो. दक्षिण काशी म्हणून प्रसिद्ध असलेले हे क्षेत्र रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात, सावित्रीच्या मुखाजवळ आहे. पेशव्यांच्या भट घराण्याचे मूळ गाव श्रीवर्धन, आणि हरिहरेश्वर हे त्यांचे कुलदैवत. येथे आधी श्रीकाळभैरवाचे दर्शन घेऊन मग श्रीहरिहरेश्वराचे दर्शन घेण्याची प्रथा आहे.

देवळामागील डोंगरास समुद्राच्या बाजूने जी प्रदक्षिणा घालतात, ती ओहोटीच्या वेळीच करता येते. लाटांनी कोरलेल्या खडकांवरून ही वाट जाते. भरती चढू लागली की ती पाण्याखाली जाते, आणि खडकावर आदळणारी लाट माणसास सहज ओढून नेते. येथे यापूर्वी प्राणहानी झाली आहे. यास्तव भरतीचे गणित प्रत्येक यात्रेकरूने शिकून घ्यावे.

किनाऱ्यावरील लोक हे गणित तिथीवरून करतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. शुद्ध वा वद्य, दोन्ही पक्षांत रीत तीच; पौर्णिमा व अमावास्या पंधरा धराव्यात. उदाहरणार्थ, चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी व पहाटे तीनच्या सुमारास भरती असते. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते, म्हणजे सकाळी व रात्री नऊच्या सुमारास. तेव्हा चतुर्थीच्या दिवशी प्रदक्षिणेस सकाळची वेळ सोयीची. एकादशीस अकराची पाऊणपट सव्वाआठ. त्या दिवशी सकाळी सव्वाआठच्या सुमारास भरती आणि दुपारी दोन-सव्वादोनला ओहोटी. पौर्णिमेस दुपारी सव्वाअकराच्या पुढे भरती आणि सायंकाळी साडेपाचच्या आसपास ओहोटी.

आज ज्या वेळी भरती आली, त्याहून उद्या ती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. चंद्रही रोज तितकाच उशिरा उगवतो. तिथीचे गणित जुळते ते त्यामुळेच. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास उधाण असते. तेव्हा पाणी वर चढते तितकेच ओहोटीला दूर हटते. अष्टमीच्या सुमारास भांग असते. तेव्हा भरती कमी चढते खरी, पण ओहोटीही फारशी उतरत नाही आणि प्रदक्षिणेची वाट थोडाच वेळ मोकळी राहते. हे गणित अर्ध्या-पाऊण तासाने मागेपुढे होऊ शकते. म्हणून ते बेत आखण्यापुरते वापरावे, आणि प्रत्यक्ष वाटेवर उतरण्यापूर्वी देवळातील गुरुजींना अथवा ग्रामस्थांना विचारावे. त्यांनी नको म्हटल्यास प्रदक्षिणेचा आग्रह धरू नये. डोंगराकडे पाहून हात जोडले तरी देवास पोहोचतात.

३. पाच दिवसांचा क्रम

पहिला दिवस : हरिहरेश्वर ते केळशी. हरिहरेश्वराहून बागमांडला जवळच आहे. तेथून बोटीने वेशवीस उतरले की रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. खाडीच्या मुखाशी बाणकोटचा हिंमतगड आहे. पुढे वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. येथील वाळूत सागरी कासवे अंडी घालतात. चिपळूण येथील सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या पुढाकाराने व ग्रामस्थांच्या सहकार्याने २००२ पासून येथे त्यांचे रक्षण होत आले आहे. वेळास ते केळशी हा भाग एकाकी असून भारजा नदीच्या खाडीमुळे रस्ता आत शिरून पुन्हा किनाऱ्यास येतो. पाणी व खाऊ वेशवीसच भरून घ्यावा. केळशीस श्रीमहालक्ष्मीचे दर्शन घेऊन मुक्काम करावा.

दुसरा दिवस : केळशी ते मुरुड. अंतर तीस किलोमीटरांच्या आसपास, म्हणून सकाळ दर्शनास मिळते. आंजर्ले येथील कड्यावरचा गणपती हे दिवसाचे मुख्य दर्शन. मूर्ती उजव्या सोंडेची आहे. आख्यायिका अशी की, मूळ देऊळ खाली समुद्रकाठी होते. समुद्र आत येऊ लागला तेव्हा गणराय कड्यावर गेले, आणि जाताना त्यांचे पाऊल खडकावर उमटले. सायकलस्वारास ही कथा पटकन उमजते, कारण देवाच्या मागोमाग त्यालाही तो कडा चढायचा असतो. चढ उभा आहे. उतरून सायकल ढकलत नेण्यात काही कमीपणा नाही. पुढे हर्णैस समुद्रातील सुवर्णदुर्ग दिसतो. मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. येथील श्रीदुर्गादेवीचे दर्शन घेऊन विसावा घ्यावा.

तिसरा दिवस : मुरुड ते गुहागर. हा सर्वांत कष्टाचा टप्पा. कर्दे, लाडघर, बुरोंडी या बाजूने दाभोळपर्यंत घाट्यांमागून घाट्या येतात. उजाडताच निघावे व ऊन चढण्यापूर्वी दाभोळ गाठावे. येथे श्रीचंडिकादेवीचे स्थान भुयारात आहे. समईच्या मंद उजेडात वाकून आत जावे लागते. उन्हातून एकदम काळोखात शिरताना डोळ्यांस काही दिसत नाही. क्षणभर थांबून मग पुढे व्हावे. दाभोळहून बोटीने धोपावे, आणि तेथून गुहागर. अनेक घराण्यांचे कुलदैवत असलेला श्रीव्याडेश्वर आणि श्रीदुर्गादेवी ही येथील मुख्य देवळे.

चौथा दिवस : गुहागर ते हेदवी. अंतर थोडे, दर्शने दोन. वेळणेश्वर येथे समुद्रकाठी श्रीशंकराचे प्राचीन स्थान आहे. हेदवी येथे दहा हातांच्या श्रीलक्ष्मीगणेशाची संगमरवरी मूर्ती आहे. हेदवीच्या किनाऱ्यावर खडकात बामणघळ नावाची अरुंद चीर आहे. भरतीच्या वेळी तीत शिरलेले पाणी उंच उसळते. ते दुरून पाहावे, कड्याच्या टोकाशी जाऊ नये.

पाचवा दिवस : हेदवी ते गणपतीपुळे. तवसाळहून बोटीने जयगड. येथून पुढे बंदराकडे जाणाऱ्या अवजड मालवाहू वाहनांची वर्दळ असते. सर्वांनी एकामागे एक, रस्त्याच्या डाव्या कडेने जावे. मालगुंड हे कविवर्य केशवसुतांचे जन्मगाव असून तेथे त्यांचे स्मारक आहे. तेथून गणपतीपुळे अगदी जवळ. येथे श्री स्वयंभू असून डोंगर हेच देवाचे रूप मानले जाते. म्हणून प्रदक्षिणा देवळास नसून सबंध डोंगरास आहे. ती पायीच करावी. हरिहरेश्वरी समुद्राच्या परवानगीने घातलेली प्रदक्षिणा आणि येथे डोंगराभोवती घातलेली प्रदक्षिणा, या दोहोंच्या मध्ये आपली यात्रा पूर्ण होते.

येथील समुद्र रम्य असला तरी पोहण्यास धोक्याचा आहे. प्रवासाने थकलेल्या अंगाने पाण्यात शिरू नये. ज्यांना पुढे जावयाचे असेल त्यांनी आरे-वारे मार्गाने सुमारे पंचवीस किलोमीटरांवरील रत्नागिरी गाठावी व तेथून पावस येथे स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचे दर्शन घ्यावे. परतीसाठी रत्नागिरी स्थानकावर कोकण रेल्वे मिळते. यात्रेस येताना माणगाव स्थानकावर उतरल्यास हरिहरेश्वर सुमारे साठ किलोमीटर पडते. सायकल सामान म्हणून नोंदवावी लागते, त्यासाठी स्थानकावर लवकर जावे.

४. चढ आणि उतार

रस्त्याचा चढ टक्क्यांत सांगतात. आठ टक्के चढ म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर आठ मीटर वर जाणे. सव्वा किलोमीटरभर असा चढ असला की शंभर मीटरांची उंची होते. कोकणच्या घाट्यांत काही वळणांवर चढ याहूनही तीव्र असतो. तो चढताना पुढचे लहान व मागचे मोठे दातेचक्र असा हलका गिअर घ्यावा. पाय भराभर पण हलके फिरवावेत. चढ सुरू होण्याआधीच गिअर बदलावा; भर चढावर जोर लावून बदलल्यास चेन उतरण्याचा संभव असतो. दम इतकाच लागू द्यावा की सोबत्याशी एखादे वाक्य बोलता यावे. बोलणे बंद पडले की वेग कमी करावा.

चढ माणसास थकवतो, पण अपघात होतात ते उतारावर. वेग दुप्पट झाला की थांबण्यासाठी लागणारे अंतर चौपट होते, हे लक्षात ठेवावे. उतारावर ब्रेक सतत दाबून धरल्यास चाकाची कड तापते व ट्यूब फुटू शकते. म्हणून दोन्ही ब्रेक मिळून थोडा वेळ दाबावेत, सोडावेत, पुन्हा दाबावेत. वेग वळणापूर्वी कमी करावा. वळणात जोराने ब्रेक लावू नये. वळणावर जांभ्याची बारीक माती आलेली असते, तीवरून चाक घसरते. आणि येथील उतार संपतो तो बहुधा गावातच. दोन्ही बाजूंस दगडी गडगे, मध्ये अरुंद रस्ता, बागेतून अचानक बाहेर येणारी गुरे आणि शाळेतून सुटलेली मुले. सड्यावरून दिसणाऱ्या समुद्राच्या आनंदात सायकल सोडून देण्याचा मोह होतो, तो तेथेच आवरावा. समुद्र पाहावयाचा असेल तर सायकल कडेला उभी करून पाहावा.

फेरीबोटीवर चढताना व उतरताना सायकलीवरून खाली उतरावे. बोटीची लोखंडी पाटी आणि धक्क्यावरचा दगड ओला व शेवाळलेला असतो.

सायकल फार भारी असण्याची गरज नाही. गिअर हलके, ब्रेक चांगले आणि टायर थोडे रुंद असले म्हणजे पुरे. सोबत दोन जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य, हवा भरण्याचा पंप, पुढे-मागे दिवे आणि डोक्यास शिरस्त्राण असावे. खाऱ्या हवेने चेन लवकर गंजते. रोज संध्याकाळी ती कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे दोन-चार थेंब द्यावेत. वाळूत सायकल चालवू नये. चाकांसाठी ते वाईट, आणि कासवांच्या घरट्यांसाठी त्याहून वाईट.

५. ऋतू, वारा आणि पाणी

यात्रेस नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चपासून सडा तापू लागतो. सड्यावर झाड तुरळक, सावली नाही आणि जांभ्याची झळ खालूनही लागते. पावसाळ्यात दृश्य मनोहर असले तरी रस्ते निसरडे होतात, दरडी येतात आणि फेरीबोटीचा भरवसा धरता येत नाही. त्या दिवसांत ही यात्रा टाळावी.

उत्तरेकडून दक्षिणेकडे जाण्याचा क्रम मुद्दाम दिला आहे. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, ते मंद असतात. दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे सुटतात. ते या किनाऱ्यावर बहुधा वायव्येकडून येतात. दक्षिणेस जाणाऱ्यास त्यांचे साहाय्य होते. उत्तरेस जाणाऱ्यास तेच वारे अडवतात. थकलेल्या दुपारी हा फरक मोठा वाटतो.

ऊन असता ताशी अर्धा ते एक लिटर पाणी प्यावे. तहान लागण्याची वाट पाहू नये. नुसते पाणी पुरत नाही. घामातून मीठही जाते. मीठ-साखर घातलेले पाणी किंवा कोकमाचे सरबत या दोन्ही गरजा भागवते. उपवासाच्या दिवशी सायकल चालवावयाची असल्यास अंतर निम्मे करावे आणि पाण्याचा उपवास करू नये. डोके दुखणे, मळमळ, अंगावर काटा येणे, घाम एकाएकी थांबणे किंवा बोलण्यात भ्रम होणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी ताबडतोब सावलीत निजवावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि डॉक्टरांस बोलवावे. थोडे बरे वाटले म्हणून पुन्हा सायकलीवर बसवू नये.

६. देवळातील व गावातील आचार

सायकल देवळाच्या आवारात, दीपमाळेस अथवा तुळशीवृंदावनास टेकवू नये. सायकलीचे तंग कपडे प्रवासापुरते ठीक. दर्शनासाठी एक स्वच्छ, साधा कपड्यांचा जोड वेगळा ठेवावा, तो पिशवीत फारशी जागा घेत नाही. हातपाय धुऊन, श्वास शांत झाल्यावर गाभाऱ्यापाशी जावे. घाईने घेतलेले दर्शन आणि घाईने उतरलेली घाटी, दोन्ही धड आठवत नाहीत.

फाल्गुनात शिमग्याच्या दिवसांत गावोगावी ग्रामदेवतेच्या पालख्या निघतात व घरोघरी जातात. वाटेत पालखी आल्यास सायकलीवरून उतरून कडेस उभे राहावे. घंटी वाजवून वाट मागू नये. देवी आपल्या गावात चालली आहे. पाहुणे आपण आहोत.

रत्नागिरी परिसरातील सड्यांवर प्राचीन मानवाने खडकात कोरलेली चित्रे आढळली आहेत. कोकणातील या कातळशिल्पांचा २०२२ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. सड्यावर सायकल रस्त्याबाहेर नेऊ नये, खडकावर नावे कोरू नयेत व खाऊचे कागद टाकू नयेत.

७. देणगीदारांस विनंती

देवस्थानास देणगी देताना भाविक बहुधा अन्नदान, अभिषेक अथवा जीर्णोद्धार यांचा विचार करतात. ते योग्यच आहे. तथापि वाटेवरील यात्रेकरूची सोय करणे हाही आपल्या परंपरेतील जुना धर्म आहे. पूर्वीच्या दानशूरांनी घाटमाथ्यावर विहिरी खोदल्या, पाणपोया घातल्या, वाटेवर धर्मशाळा बांधल्या. त्यांतील कित्येकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत, पण त्यांनी खोदलेल्या विहिरींचे पाणी वाटसरू प्याले.

सायकलीने वा पायी येणाऱ्यास आजही तेच हवे असते. चढ संपतो तेथे पिण्याच्या पाण्याची टाकी, बसण्यास सावलीचा ओटा, देवळाजवळ सायकली ठेवण्यासाठी छप्पर, एक हवा भरण्याचा पंप, बोटीच्या वेळा व त्या दिवशीची भरती-ओहोटी लिहिलेला फळा, आणि उतारावरच्या धोक्याच्या वळणाआधी ठळक पाटी. यांपैकी कशासही फार मोठा खर्च नाही. भरती-ओहोटीच्या फळ्यास तर खडूपलीकडे काहीच लागत नाही. रोज सकाळी तो लिहिणारा एक निष्ठावंत सेवेकरी मात्र लागतो. ज्या देवस्थानाच्या वाटेवर उभा चढ किंवा समुद्राची प्रदक्षिणा आहे, तेथे अशा सोयीमुळे एखाद्याचा जीव वाचू शकतो. आपल्या गावच्या किंवा कुलदैवताच्या देवस्थानाशी याविषयी अवश्य बोलावे.

समारोप

निघण्यापूर्वी एका कागदावर पाच ओळी लिहाव्यात, दर दिवसाची एक. प्रत्येक ओळीत त्या दिवसाची तिथी, ओहोटीची वेळ, बोटीची वेळ, घाट्यांची संख्या आणि मुक्कामाचे गाव असावे. तोच कागद घरीही ठेवावा, म्हणजे घरच्यांस आपण कोठे असू ते कळेल. कागदाप्रमाणे वेळ जुळली नाही, तर बेत बदलावा. वेळ भरून काढण्यासाठी उतारावर वेग वाढवू नये.

वाटेतील प्रत्येक खाडीवर थांबावेच लागते. बोट येईपर्यंत धक्क्यावर बसून राहिले की पलीकडच्या तीरावरचे गाव दिसते, देवळाचा कळस दिसतो, आणि ज्या चढाने दमवले तो मागे राहिलेला दिसतो. मोटारीतून जाणाऱ्यास ही स्वस्थता क्वचित लाभते.

सर्व यात्रेकरूंचा प्रवास निर्विघ्न होवो आणि सर्वजण सुखरूप आपापल्या घरी पोहोचोत, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥